कलमाचं वय

मे महिन्यात फ्रँकफर्टच्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हापूसची यादी फिरते. नावापुढे किती डझन ते लिहायचं. शनिवारी कुणीतरी विमानतळाजवळच्या गोदामातून पेट्या उचलतं आणि संध्याकाळपर्यंत त्या घरोघर पोचतात. गेली नऊ वर्षं त्या यादीत माझं नाव होतं. यंदा मी ते घातलं नाही. ही बातमी आईच्या तोंडून देवगड तालुक्यातल्या मामाकडे गेली आणि मामाला ती लागली. मामाची दोनशे कलमं आहेत. कोकणात हापूसच्या झाडाला कलमच म्हणतात, आणि कोयीतून आपसूक उगवलेल्याला रायवळ.

गणपती झाले, नवरात्र झालं आणि मोहराच्या फवारण्या सुरू व्हायच्या आतल्या मोकळ्या दिवसांत मामा आमच्याकडे आला. बॅगेतून आमरसाचे सहा डबे आणि आंबापोळी काढून त्यानं ओट्यावर ठेवली आणि सरळ विचारलं, "काय गो बाय, आमच्या आंब्यानं तुझं काय घोडं मारलं?"

पुढचं बोलणं दुसऱ्या दिवशी लोरबर्गवर झालं. फ्रँकफर्टच्या ईशान्येची ही टेकडी. उतारावर द्राक्षं, आणि आजूबाजूला जुन्या फळझाडांची कुरणं. सफरचंद, नासपती, चेरी, अक्रोड अशी उंच झाडं गवतात लांब लांब उभी असतात. जर्मन लोक या जागांना 'श्ट्रॉयऑब्स्टवीझं' म्हणतात, म्हणजे विखुरलेल्या फळझाडांचं कुरण. ऑक्टोबर होता. गवतात सफरचंदांचा सडा पडला होता.

मी म्हटलं, "मामा, हापूसवर माझा राग नाही. तो इथे येतो कसा, त्यावर आहे. हायडेलबर्गच्या 'इफॉय' संस्थेनं २०२० साली जर्मनीत खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांचा हिशेब मांडला. एक किलो अननस जहाजानं आला तर त्यापायी ०.६ किलो कार्बन डायऑक्साइडइतके वायू हवेत जातात, डब्यातला असेल तर १.८ किलो, आणि विमानानं आला तर १५.१ किलो. फळ एकच, फरक पंचवीसपट. तुझा हापूस विमानानं येतो."

"अननसाचा आकडा माझ्या आंब्याला लावतेस?" मामा म्हणाला. "अननसाचं रोप दोन-चार पिकं देतं नि उपटून टाकतात. केळ घड दिला की आडवी होते. पपई तीन वर्षांत म्हातारी. ही झाडं थोडीच? आमच्या घरामागचं कलम माझ्या आजोबांनी लावलं. मी साठीला आलो, ते अजून फळ देतंय. एवढी वर्षं त्यानं हवेतलं काय ओढून घेतलं, ते तुझ्या हायडेलबर्गवाल्यांनी मोजलं का?"

त्याचं बोलणं बरोबर होतं. उष्ण प्रदेशातली फळं असं म्हणून आपण सगळ्यांना एका टोपलीत टाकतो, पण कार्बनच्या बाबतीत त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. कार्बन साठतो तो लाकडात, मुळांत आणि झाडाखालच्या मातीत. फळातला कार्बन आपण खातो आणि श्वासातून परत हवेत सोडतो. म्हणून ज्या फळाला खोड आहे, आणि ते खोड पन्नास-शंभर वर्षं उभं राहतं, तेच साठवणीच्या हिशेबात धरायचं. आंबा, फणस, चिंच, कोकम, जांभूळ यांचा दावा खरा आहे. केळी-अननसाचा नाही.

मी शिवणकामाची टेप बरोबर घेतली होती. आम्ही एका जुन्या नासपतीच्या खोडाला छातीच्या उंचीवर ती गुंडाळली. असंच आंब्याचंही मोजतात : घेर, उंची आणि त्या लाकडाचा घट्टपणा. यावरून झाडाचं सुकं वजन काढतात. त्या वजनाचा साधारण ४७ टक्के भाग कार्बन. एवढा कार्बन झाडात येण्यासाठी त्याच्या ३.६७ पट कार्बन डायऑक्साइड हवेतून ओढला गेलेला असतो. दीड मीटरहून थोडा जास्त घेर आणि तीसेक फूट उंची असलेलं कलम मुळांसकट सुकं मोजलं तर टनाच्या आसपास भरेल. म्हणजे त्यानं हवेतून सुमारे १,७०० किलो वायू काढून घेतला.

मामाचा चेहरा खुलला. "मग? एका कलमाचे सतराशे किलो. दोनशे कलमांचा कर हिशेब."

"करते. पण हे सतराशे किलो पन्नास वर्षांचे आहेत, मामा. वर्षाला ३४ किलो. आता मुंबई ते फ्रँकफर्ट साडेसहा हजार किलोमीटर. नुसतं इंधन धरलं तरी किलोभर मालामागे तीन-साडेतीन किलो वायू निघतो. उंचावर सोडलेल्या धुराचा जास्तीचा परिणाम धरला तर आणखी कितीतरी. डझन हापूस म्हणजे तीन किलो, त्याचे दहा किलो. तुझ्या कलमानं वर्षभर उन्हापावसात उभं राहून जे साठवलं, ते साडेतीन डझन आंबे इथे आणले की संपलं."

मामा काही बोलला नाही. त्यानं टेप गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. हा हिशेब मी यादीत नाव घातलं नाही त्याच दिवशी कागदावर केला होता आणि तेव्हाही मला तो आवडला नव्हता.

थोडं चालल्यावर तो म्हणाला, "माझा किती आंबा विमानात बसतो, विचार बघू."

"किती?"

"शंभर पेट्यांतल्या दोन-चार. बाकीच्या टेम्पोनं वाशीला, नाहीतर पुण्याला. देशात दोन कोटी टनांहून जास्त आंबा पिकतो. ताजा आंबा म्हणून परदेशी जातो तो एक टक्काही नाही. तुझा साडेतीन डझनांचा हिशेब खरा असेल, पण तो त्या एका टक्क्याचा. तो अख्ख्या बागेच्या माथी मारू नको. आणि दुसरं. त्या दोन-चार पेट्यांचा भाव मला बरा मिळतो म्हणून वाईट वर्षातही बाग सांभाळता येते. तुडतुडा आहे, भुरी आहे, अवकाळी पाऊस आहे, एप्रिलमधलं कडक ऊन आहे. एखादं वर्ष मोहर येतो नि जळून जातो. बाग परवडली नाही तर माझा मुलगा ती ठेवील कशाला? बंगलेवाले दारात येऊन बसलेतच. नाणारच्या रिफायनरीत आमच्याकडची गिर्ये-रामेश्वर ही गावंही धरली होती. लोकांनी जमिनी का सोडल्या नाहीत? कलमं होती म्हणून. २०१९ साली सरकारला अधिसूचना मागे घ्यावी लागली. त्या कलमांचा कार्बन कुणी राखला, बाय? आंब्याच्या भावानं राखला."

मला याचं उत्तर शोधावं लागलं नाही, कारण उत्तर समोर दिसत होतं, आणि ते मामाच्या बाजूचं होतं. वाटेवरच्या एका सफरचंदाच्या खोडाला पिवळी फीत बांधलेली होती. जर्मनीत बऱ्याच ठिकाणी ही रीत आहे : ज्या झाडाला पिवळी फीत, त्याची फळं कुणीही न विचारता न्यावीत. मालकाला ती तोडायला परवडत नाहीत. रसासाठीच्या सफरचंदाला किलोमागे जेमतेम काही सेंट मिळतात. मामानं फीत हातात धरून पाहिली. फळांनी वाकलेलं झाड आणि मालक सांगतो घेऊन जा, हे त्याला पचेना. खाली पडलेलं एक सफरचंद त्यानं उचललं, धोतराला पुसावं तसं पँटला पुसलं आणि खाल्लं.

त्याच झाडाच्या आडव्या फांदीवर हातभर लांबीची एक नळी बांधलेली होती. एका टोकाला भोक.

"ह्यो पाइप कित्याक गो?"

"घुबडासाठी. आपल्या पिंगळ्याचा इकडचा भाऊ. जुन्या फळझाडांच्या ढोलीत राहतो. झाडं गेली, तशा ढोली गेल्या. म्हणून निसर्गप्रेमी मंडळी नळ्या बांधतात."

मामा बराच वेळ त्या नळीकडे पाहत राहिला. मग त्यानं विचारलं, "झाडं कुणी तोडली?"

ती गोष्ट मी त्याला सांगितली, इथेही सांगते, कारण आपल्याकडे तिची आठवण हवी. १९५३ साली बाड एम्स या गावी पश्चिम जर्मनीच्या कृषिखात्यानं ठरवलं की पुढे उंच आणि मध्यम खोडाच्या फळझाडांना जागा नाही. बुटकी झाडं दाट लावायची, हात पोचेल तिथून फळ तोडायचं, खर्च कमी आणि पीक जास्त. पुढे जुनी झाडं उपटायला पैसेही दिले गेले. एकट्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात १९६५ च्या सुमारास अशी एक कोटी ऐंशी लाख झाडं होती, २०२० मध्ये ७१ लाख उरली. मग डोळे उघडले. या कुरणांत वनस्पती आणि प्राणी मिळून पाच हजारांवर जाती राहतात असं अभ्यासक सांगू लागले. २०२१ मध्ये ही बागायत देशाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली आणि २०२२ पासून केंद्रीय निसर्गसंरक्षण कायद्यानं तिला संरक्षण दिलं.

"म्हणजे तोडायला सरकारनंच सांगितलं, नि आता राखायलाही सरकारच सांगतंय," मामा म्हणाला.

"हो. आणि म्हणून तुला विचारते, सड्यावरच्या दोन एकरांचं काय ठरवलंयस?"

हा प्रश्न मी मुद्दाम राखून ठेवला होता. आईनं मला सांगितलं होतं की मामाच्या वाट्याचा सडा, म्हणजे कातळाचा उघडा माळ, जेसीबीनं सपाट करून तिथे दाट लागवड करायचं चाललंय.

मामा बाकावर बसला. "तुझ्या आजोबांनी कातळात कलमं कशी लावली ठाऊक आहे? सुरुंग लावून खड्डे फोडले. खालच्या मळ्यातून माती डोक्यावरून वर नेली. मार्च-एप्रिलमध्ये घागरीनं पाणी. तीन वर्षं. कातळावर आज सावली आहे ती त्या मातीमुळे. तेव्हा कुणी म्हटलं नाही की सड्याचं नुकसान होतंय. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली, शंभर टक्के अनुदान, तेव्हा अख्खं कोकण आंबा-काजूनं भरलं. तेव्हाही सगळे म्हणाले, वा! आता मी दोन एकर करतो म्हटलं तर तू अडवतेस."

आजोबांच्या मानेवरचा, घागर वाहून पडलेला घट्टा मी लहानपणी बोटानं चाचपलेला आहे. त्यांच्या कष्टाबद्दल माझ्या मनात उणा शब्द नाही. पण सडा पडीक नाही, हे मला मामाला सांगायचंच होतं. पावसात त्यावर जे गवत आणि जी फुलं येतात त्यांतली काही दुसरीकडे उगवत नाहीत. कातळाच्या भेगांतून पाणी झिरपतं आणि खालच्या विहिरींना मिळतं. याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत आणि २०२२ पासून त्यांतली काही युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. सड्यावरच्या बेडकांचा अभ्यास करणाऱ्यांना कातळ फोडून केलेल्या बागांत खास सड्यावरचेच बेडूक कमी सापडले. झाड लावलं म्हणजे निसर्गाचं भलंच झालं, असं नसतं. आधी तिथे काय होतं, ते आधी विचारायला हवं. ओसाड केलेल्या उतारावर कलम लावलं तर सगळी भर जमेची. सडा फोडून लावलं तर कार्बन थोडा मिळतो आणि जे जातं ते परत आणता येत नाही.

"आणि दाट लागवडीची झाडं किती मोठी होऊ देणार?" मी विचारलं. "छाटून आठ-दहा फुटांवर ठेवणार. वर वाढ रोखणारं कल्टार, वर खत. नत्राच्या खतातून निघणारा नायट्रस ऑक्साइड कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेपटींहून जास्त तापवतो. पंधरा-वीस वर्षांत झाड थकलं की उपटून नवं. मग साठलं काय? लाकूड जाळलं की सगळं परत हवेत."

इथे मामा चिडला, आणि त्याचं चिडणं मला अजून ऐकू येतं.

"उंच कलमावर कोण चढतो, ते तू बघितलंस? दापोलीच्या विद्यापीठाचा नूतन झेला आहे, देठासकट फळ उतरतं, खरं. पण चाळीस फुटांवरच्या शेंड्याला झेला पोचवायचा तर माणूस फांदीवर उभा लागतो. गावातली पोरं मुंबईला गेली. आता नेपाळहून गडी येतात, राखणीलाही तेच नि चढायलाही तेच. दोन वर्षांमागे आमच्या शेजारच्या बागेत एक पोरगा फांदी मोडून पडला. बावीस वर्षांचा. आता उठून बसत नाही. झाड बुटकं असतं तर तो जमिनीवर उभा राहून फळ काढत असता. तुझ्या खोडातल्या कार्बनसाठी मी कुणाचा मुलगा चढवू?"

मी गप्प बसले. कार्बनचं गणित करताना फांदीवरचा माणूस माझ्या कागदावर कुठेच नव्हता. आजही या प्रश्नावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. जुन्या कलमांचे शेंडे शास्त्रशुद्ध छाटून उंची कमी करता येते आणि खोड राहतं, त्याला पुनरुज्जीवन म्हणतात. ते खर्चाचं काम आहे आणि दोन-तीन वर्षं पीक कमी येतं. तो खर्च बागायतदारानं एकट्यानं का सोसावा?

मामानंच तो धागा पुढे नेला. मागच्या वर्षी एक माणूस त्याच्याकडे कार्बन क्रेडिटचे कागद घेऊन आला होता. मामानं त्याला आजोबांची कलमं दाखवली. तो म्हणाला, ही चालणार नाहीत, नवी लागवड असेल तरच पैसे. "म्हणजे ज्यानं पन्नास वर्षं राखलं त्याला शून्य, नि आज खड्डा खणला त्याला रोख. मग माणूस नवे खड्डेच खणणार. सड्यावर नाहीतर कुठे?"

माझं कामच कार्बनच्या हिशेबाचं आहे, म्हणून सांगते की यामागे तर्क आहे : जे झाड असंही उभंच राहणार होतं त्याच्या नावावर कुणाला प्रदूषणाची सूट देता येत नाही. पण कलम असंही उभं राहणार, हे गृहीतच खोटं आहे. पिवळी फीत बांधलेलं झाड आणि बंगलेवाल्यांच्या नजरेतली बाग पाहिली की ते कळतं. वणव्याचंही तसंच. फेब्रुवारीपासून कोकणात सडे पेटतात, आणि बागेभोवतीचं गवत वेळेवर कापून जाळरेषा काढली नाही तर चाळीस वर्षांचा साठा एका दुपारी धूर होतो. मामा दर डिसेंबरात त्या कामाला गडी लावतो. त्याचे पैसे त्याला कुठल्याच योजनेतून मिळत नाहीत. माझ्या मते पैसे द्यायचे तर आधी या राखणीला द्यावेत, नव्या खड्ड्याला नंतर.

संध्याकाळी घरी आल्यावर आम्ही पुऱ्या केल्या आणि आमरसाचा एक डबा फोडला. मामानं वाटी नाकाशी नेली. "वास अर्धाच राहतो," तो म्हणाला. खरं आहे. आढीतला पेंढा बाजूला सारल्यावर जो वास येतो तो डब्यात कधीच येणार नाही. पण इफॉयच्या अननसाचे आकडे पुन्हा पाहिले तर डबा आणि विमान यांत आठपटींचा फरक आहे, आणि डब्याला विमान लागत नाही. शिवाय डागी, लहान-मोठा, पेटीत न बसणारा आंबाही डब्यात जातो, म्हणजे मामाच्या बागेतलं जास्त फळ कामी येतं.

ताज्या आंब्याचाही रस्ता बंद नाही. १ मे २०१४ पासून फळमाशीपायी युरोपनं भारतीय आंबा थांबवला होता. आपल्याकडे तपासणी आणि प्रक्रिया सुधारल्यावर जानेवारी २०१५ मध्ये तो निर्णय फिरला. "माशीसाठी त्यांनी सांगितलं, आम्ही केलं," मामा म्हणाला. "विमानाबद्दल कुणी सांगितलंच नाही." २०२२ मध्ये पणन मंडळानं भाभा अणुसंशोधन केंद्राच्या मदतीनं आंबा जहाजानं अमेरिकेला पाठवून दाखवला. जर्मनीतल्या दुकानांत ब्राझील आणि पेरूचे बहुतेक आंबे जहाजानं येतात. विमानानं आलेल्याला इथे 'फ्लूगमांगो' म्हणतात आणि पाटीवर तसं मोठ्या अक्षरांत लिहितात, जणू ती गुणाची खूण आहे.

मामा तीन आठवडे राहून गेला. डिसेंबरात त्याचा फोन आला. माझी टेप तो घेऊन गेला होता. जुन्या तीस कलमांचे घेर मोजून त्यानं वहीत लिहिलेत. घरामागचं सगळ्यांत मोठं, दोन मीटर दहा सेंटिमीटर. त्याच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी आहे, तेही वहीत आहे. सड्याचं त्यानं मुलाशी बोलून यंदापुरतं थांबवलंय. यंदापुरतंच, हे तो दोनदा म्हणाला. विमानाच्या पेट्यांबद्दल आमचं अजून जुळलेलं नाही, आणि त्याचा भाव मी भरून देऊ शकत नाही तोवर त्याला थांब म्हणायचा हक्क मला नाही.

माझा हक्क यादीपुरता आहे. मेमध्ये पेट्यांची यादी फिरेल, पण त्याआधी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, मी ग्रुपवर दुसरी यादी टाकणार आहे : जहाजानं येणाऱ्या देवगडच्या आमरसाच्या डब्यांची, भाव बागायतदारानं ठरवलेला. फ्रँकफर्ट, म्युनिक, स्टुटगार्ट, बर्लिन, जिथे कुठे आपली मंडळी आहेत त्यांनी आपापल्या ग्रुपवर अशी यादी काढावी आणि नावापुढे डब्यांचा आकडा लिहावा. पेटी घेणारच असाल तर निदान एकदा पुरवठादाराला विचारा की जहाजानं कधी आणणार. शंभर घरांनी विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल.